पंचवीसच्या आत, चाळीसच्या वर

हेल्टरमाच्या धक्क्यावर पाटी आहे:
पट्टा बांधू नका.
पुढच्या गाडीपासून अडीचशे मीटर.
वेग पंचवीसच्या आत ठेवा,
नाहीतर चाळीसच्या वर.
मधला नको.

सात हिवाळे वाट पाहायला लावून
यंदा समुद्र गोठलाय, गाडी पेलण्याइतका.
नात त्रीनू चालवतेय. मी शेजारी, मांडीवर थर्मास.
मागे तिचा उकू, वय वर्षं सहा,
आणि त्याच्या पायाशी राईच्या पावाची पुडी.
बेट सुटून दोन मिनिटं झाली नाहीत तोच,
"अजून किती?"
"सव्वीस किलोमीटर."
त्याला सव्वीस कळत नाही.
त्याला फक्त 'अजून' कळतं.

मी त्याच्याएवढी असताना
हा समुद्र संपायचाच नाही.
वडिलांची घसरगाडी, पुढे मुस्टी घोडी,
वाटेच्या खुणेला बर्फात रोवलेल्या जुनिपरच्या फांद्या.
मला नव्वदपर्यंत मोजता यायचं,
नव्वद झाल्या की पुन्हा एकपासून.
एका फांदीपासून दुसरीपर्यंत
मला भूक लागायची, झोप यायची,
रडू येऊन थांबायचं,
वडिलांच्या मिशीवर पांढरं धरायचं,
आणि तरी दुसरी फांदी आलेली नसायची.
मध्येच चौकीचा शिपाई.
परवान्याचा कागद तो वाचायचा
की पाठ करायचा, देव जाणे.
निघालेली मी आणि पलीकडे उतरलेली मी,
आमची एकमेकींशी नीट ओळखसुद्धा नसायची.

आता फांदी दिसली म्हणेतो मागे.
थर्मासचं झाकण फिरवेतो
अर्धा समुद्र गेला.
त्रीनूचा काटा साठावर आहे, कबूल.
पण गेला नाताळ कुठे साठावर होता?
झाडावरच्या मेणबत्त्या काल उतरवून ठेवल्या
त्या आज पुन्हा लावायला घेतल्या,
मेणावर माझ्याच बोटांचे ठसे,
अजून मऊ.

"मधल्या वेगानं गेलं तर काय होतं?" उकू विचारतो.
त्रीनू सांगते, गाडीच्या वजनानं
बर्फाखाली एक लाट उठते.
हळू गेलं तर ती पुढे पळून जाते,
जोरात गेलं तर मागे राहते.
मधल्या वेगाला ती आपल्या बरोबरीनं चालते.
"मग?"
"मग फोडते."

मी काही बोलत नाही.
पंचवीस ते चाळीस. पंधरा वर्षं.
मासळीच्या कारखान्यात डबे, दिवसाला बाराशे,
तीन पोरं, त्यातलं एक सदा खोकणारं,
अँट्स, अँट्सची बोट,
आणि बोटीच्या आधी किनाऱ्याला लागलेली
त्याची लोकरीची टोपी.
तो काळ लांबला नाही. उडालाही नाही.
माझ्याच चालीनं चालला, पायाखालून,
कधी दिसला नाही.
नुसता आवाज यायचा रात्री,
पत्र्यावरून कुणी साखळी ओढत न्यावी तसा.
सकाळी उठून मी डबे भरायला जायचे.

"त्रीनू, हळू घे. पंचवीसच्या खाली."
"आजी, तिथं पोचायला मधून जावं लागेल."
"मला काय सांगतेस."

काटा उतरतो. पन्नास. चाळीस.
छत्तीसला तिघंही गप्प.
एकतीसला उकूसुद्धा श्वास धरून,
त्याला कुणी सांगितलं नव्हतं.
सत्तावीस.
खालून काहीतरी हुंकारल्यासारखं होतं,
किंवा माझ्या कानात असेल, वयानं.
वीस.

मागची गाडी भोंगा वाजवून
लांबून वळसा घालून जाते.
सूर्य मावळला की रस्ता बंद करतात,
आणि सूर्य काही फार वर नाही.
"अजून किती?" उकू.
"पुष्कळ," मी म्हणते. "पुष्कळ आहे अजून."
तो सुस्कारा टाकतो, काचेला नाक लावतो
आणि मोजायला लागतो.

एक.
फांदीवर एक तपकिरी पान अडकलंय,
जुनिपरचं नाही, कुठून आलं कोण जाणे.
बर्फ इथं हिरवट, तिथं दुधासारखा,
एका ठिकाणी कोल्ह्याची पावलं रस्ता ओलांडून
कुठे जायचं ते माहीत असल्यासारखी.
चहा अजून पोळतोय.
दुसरी फांदी दूर आहे, दिसतेय, येत नाहीये.

आणि ती येण्याआधीच
मला चक्क भूक लागली.